दुधाच्या कपाटात गार केलेला खेकडा

टकर्स फोर्क,
गुरुवार, सकाळची कॉफी झाल्यावर

प्रिय अर्डिथताईस,

धाकट्या बहिणीचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं मलम लावतेस, की अजून फॉस्टरभाऊजींनी मागे ठेवलेलं ते घोड्याचं मलमच चोळत बसतेस? रविवारी चर्चच्या जेवणाला तू आणलेली कोबीची कोशिंबीर छान होती. (त्याच्या आदल्या रविवारचीही छान होती. त्याच्या आदल्याही.) आमच्याकडे सगळं ठीक आहे. वेंडलची पाठ जशी होती तशीच आहे, म्हणजे तो खुर्चीतून उठताना ओरडतो, बसताना ओरडतो आणि मधल्या वेळात गप्प असतो. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं. स्वयंपाकघराची भिंत बदामी आहे असं मी कित्येक वर्षं समजत होते. ती पांढरी आहे आणि मळलेली आहे, हे आता दिसायला लागलं. लांबचं तर इतकं लख्ख दिसतं की विचारू नकोस.

तू म्हणशील, काल संध्याकाळीच फोनवर पाऊण तास बोललो, मग आज हे पत्र कसलं? तर ताई, बोललीस तू. मी ‘हो का’, ‘अगंबाई’ आणि ‘काय सांगतेस’ एवढंच म्हटलं. शिवाय आमचा फोन वेंडलच्या खुर्चीला लागून आहे आणि जे सांगायचं आहे ते त्याच्या कानावर जाऊन उपयोग नाही. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच. अर्ध्यात टाकून फोनकडे धावू नकोस, गुडघ्याला सोसायचं नाही.

शनिवारी वेंडलला सत्तर पूर्ण होतायत आणि तू जेवायला येणार आहेस हे ठरलेलंच आहे. महिन्याभरापूर्वी मी त्याला विचारलं, काय हवं तुला? म्हणाला, केक नको, भेट नको, लोक नकोत. (म्हणजे तू चालशील, तू घरातलीच.) मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, “ते खेकड्याचे पाय मिळाले एकदा तर बघ. नाहीतर राहू दे.” तुला आठवत असेल, लग्न झाल्यावर आम्ही मर्टल बीचला गेलो होतो. तिथल्या एका हॉटेलात एकदा पैसे भरले की पोट फुटेपर्यंत खेकडे. वेंडलने इतके खाल्ले की वाढणाऱ्या बाईने त्याच्या गळ्यात दुसरं फडकं बांधलं आणि मालक स्वयंपाकघरातून बघायला बाहेर आला. त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. त्यानंतर लाकडाच्या कारखान्यात त्याची पाठ गेली, मग कारखाना गेला, मग पेन्शनही निम्म्याच्या खाली आली, पण खेकड्याचं नाव त्याने कधी काढलं नाही. आणि वेंडल जेव्हा ‘नाहीतर राहू दे’ म्हणतो ना, तेव्हा त्याला ती गोष्ट जिवापाड हवी असते. लग्नाचंही त्याने मला असंच विचारलं होतं.

आता बस. बसलीस का? पाठीला उशी घे. ताई, आम्ही कार्ड घेतलंय. तेच. स्टॅम्पचं, सरकार गरिबांना किराण्यासाठी देतं ते. आता स्टॅम्प कुठले, प्लास्टिकचं कार्ड असतं, बँकेच्या कार्डासारखंच दिसतं, पण आपल्या गावात शंभर पावलांवरूनही लोक ते ओळखतात. गेल्या ऑक्टोबरपासून आहे. वेंडलच्या गोळ्यांचे पैसे देऊन झाले की डब्यात काही उरेना, तेव्हा मी कचेरीत जाऊन अर्ज भरला. तिथल्या मुलीने साधं नाव विचारलं तर मी तिला आपल्या वडिलांनी उभ्या आयुष्यात कुणाकडे कधी काही मागितलं नाही हे अर्धा तास ऐकवलं. ती बिचारी म्हणाली, “मावशी, आडनावाचं स्पेलिंग सांगा.”

तुला किती मोठा धक्का बसला असेल याची मला कल्पना आहे, कारण बोलणारी मी कोण? मोझेल टॅकेट! गावच्या दुकानात बावीस वर्षं गल्ल्यावर बसलेली. कागदी स्टॅम्पची पुस्तिका कुणी पुढे केली की मी ती हात उंच करून धरायचे आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला मालकाला ओरडून सांगायचे, “स्टॅम्प आहेत!” जसं काही आगच लागली होती. हळू सांगितलं असतं तरी चाललं असतं, तो आठ फुटांवर उभा असायचा. आणि दर शुक्रवारी तुला फोन करून आठवड्याचा अहवाल द्यायचे. अमकीने दोन लिटर कोला नेला, तमक्याने स्टेक नेला, कुणाच्या पोरांनी दुधात घालून खायचा महागाचा सीरियल नेला. तू म्हणायचीस, “आपल्या करातून!” मी म्हणायचे, “आपल्या करातून!” किती बरं वाटायचं गं आपल्याला. फॉस्टरभाऊजींनी एकदा शांतपणे विचारलं होतं की तुम्ही दोघी नक्की कर भरता किती, तर तू त्यांना दोन दिवस वाफाळलेलं काही दिलं नाहीस.

आणि ती खेकड्याची गोष्ट. ती आठवते ना? या जिल्ह्यात असा माणूस नसेल ज्याने ती सांगितली नाही. स्टॅम्पवर खेकड्याचे पाय घेणारी बाई, अंगात फर कोट, दाराशी हिरवी, महागडी कॅडिलॅक गाडी. ताई, आज आपण दोघीच आहोत म्हणून लिहिते. ती बाई ओलेटा फ्रेली होती. तिच्या अंगात भावाचं जाकीट होतं. ती आली होती चालत. आणि तिने घेतलं होतं ते नकली खेकड्याचं पाकीट, पांढऱ्या माशाला लाल रंग लावून करतात ते, ज्याने खेकडा लांबूनसुद्धा पाहिलेला नसतो. मी शुक्रवारी तुला फोनवर ‘खेकडा’ म्हटलं. शनिवारी केस कापून घेताना त्याला पाय फुटले. रविवारी चर्चच्या जेवणात मी तिला फर कोट चढवला, कारण सगळ्या जणी ऐकत होत्या आणि मला राहवेना. कॅडिलॅक तुझी. ती मी माझ्यावर घेणार नाही. त्यानंतर ओलेटा आमच्या दुकानात कधी आली नाही. मी म्हटलं, लाज वाटली असेल. ती कुठे जाते, कशी जाते, हा प्रश्न सव्वीस वर्षांत मला एकदाही पडला नाही.

तर कार्ड आलं आणि मला कळेना, खरेदी करायची कुठे. आपल्या गावात गल्ल्यावर आता ती गेला नावाची बाई बसते. तिला कुणी शिकवलं? मी! म्हणून मी हार्लोला जायला लागले. चाळीस मैल जायचं, चाळीस यायचं. वाटेत पेट्रोलवर जे जातं त्यात चार दिवसांचं दूध आलं असतं, पण तिथे मला ओळखणारं कुणी नाही. तरी धाकधूक असतेच, म्हणून मी दुकानातल्या ढकलगाडीत सामान कसं रचायचं याची एक पद्धत बसवली. सगळ्यात वर गरिबाला शोभेल असं ठेवायचं. वाळक्या बीन्सची पिशवी, ओट्सचा डबा आणि एक भलाथोरला कोबी. वेंडलची बिस्किटं, माझं आइस्क्रीम, सगळं त्याच्या खाली. कोबी असा धरायचा की मागच्या माणसाला वाटलं पाहिजे, अरेरे, बिचारी, कोबीवर जगते. यात अडचण एवढीच, की दर खेपेला कोबी घ्यावा लागतो. आमच्या दोघांनाही कोबी आवडत नाही. सध्या घरात अकरा आहेत.

मंगळवारी मी खेकड्यासाठी निघाले. दोन महिने हात आखडून कार्डावर शिल्लक ठेवली होती. ओळख पटू नये म्हणून ऑपरेशननंतर दवाखान्यातून दिलेला तो काळा चष्मा लावला, तोच, वेल्डिंगवाल्यासारखा, दोन्ही बाजूंनी बंद. डोक्याला रुमाल बांधला. थंडी होती म्हणून सुनेने टाकून दिलेला तो नकली केसांच्या कॉलरचा कोट घातला. आरशात पाहिलं तर बँक लुटायला निघालेली आजी दिसत होते. (वेंडलने विचारलं, कुठे? मी म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. तो म्हणाला, दिसतंयच.)

मासळीच्या काउंटरवर एक पिकलेला माणूस होता, दंडावर जहाजाचा नांगर गोंदलेला, बोलायला फार गोड. मी म्हटलं, खेकड्याचे पाय द्या, तीन जणांचे. तो म्हणाला, “वा! काही खास?” आता मी तोंड मिटून बसायला हवं होतं की नाही? पण कुणी दोन शब्द प्रेमाने विचारले की माझं तोंड सुटतं हे तुला ठाऊक आहे. मी त्याला वेंडलची पाठ, मर्टल बीच, गळ्यातलं दुसरं फडकं, सगळं सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, “मी तुम्हाला हे वाफवून देतो, मसाला लावून. त्याचे काही पडत नाहीत.” ताई, फुकट म्हटल्यावर मी नाही म्हणाले असं कधी झालंय का? घरी तेवढं मोठं पातेलंही नाही. मी म्हटलं, द्या.

आणि इथेच माझी मती गेली. बावीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या बाईला जो नियम झोपेतून उठवलं तरी म्हणता यावा, तो मी विसरले. या कार्डावर गरम मिळत नाही! कच्चा खेकडा घ्या, गोठलेला घ्या, जिवंत घेऊन साखळीला बांधून न्या, सरकारची ना नाही. पण तोच खेकडा गरम असला की तो चैन होतो. भाजलेल्या कोंबडीचंही तेच. मी स्वतः एकदा एका बाईच्या हातातून गरम कोंबडी काढून परत कपाटात ठेवली होती, तिची दोन मुलं बघत होती, आणि मला वाटलं होतं की मी देशाची सेवा करतेय.

तर मी रांगेत उभी. गाडीत वर कोबी, कोबीच्या खालून वाफ येतेय. कोबीतून वाफ येताना लोकांनी कधी पाहिलं नसावं, सगळे बघायला लागले. गल्ल्यावरच्या मुलीचं नाव केलीन, छातीवर लिहिलेलं होतं. तिने कार्ड एकदा ओढलं, दोनदा ओढलं, आणि मग अगदी मायेने, पण असल्या आवाजात की गोठवलेल्या मटारांनीही ऐकलं असेल, म्हणाली, “मावशी, कार्ड चालतंय हं तुमचं! पण हे खेकडे गरम आहेत. स्टॅम्पवर गरम चालत नाही!”

माझ्या मागे एक टोपीवाला होता, हातात सॉसेज आणि बिअरची पेटी. तो म्हणाला, “खेकडे? स्टॅम्पवर? आम्ही मरमर मरायचं, सॉसेज खायचं, आणि ह्यांना खेकडे!” त्याच्या मागे कडेवर बाळ घेतलेली एक मुलगी होती, ती म्हणाली, “खाऊ द्या की हो म्हातारीला. तुमच्या ताटातला उचललाय का तिने?” टोपीवाला म्हणाला, “माझ्या ताटातलाच की! माझ्या करातून!” आणि मग त्याने सगळ्या रांगेकडे तोंड करून सांगायला सुरुवात केली, की डोंगरापलीकडे टकर्स फोर्क म्हणून गाव आहे, तिथे त्याच्या चुलत्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, एक बाई, फर कोट, खेकड्याचे पाय, बाहेर कॅडिलॅक. चुलत्याने म्हणे तिला पिशव्या डिकीत ठेवायला मदतसुद्धा केली. ताई, मला इतका संताप आला! माझी गोष्ट, आणि मलाच ऐकवतोय, आणि त्यात कॅडिलॅक लाल केली.

तेवढ्यात केलीनने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, गार असते तर चाललं असतं. बाळवाली म्हणाली, मग गार होतील की, थांबा जरा. टोपीवाल्याने पिशवीला बोट लावलं आणि म्हणाला, चांगलेच गरम आहेत. कुणीतरी मागून म्हणालं, गरम नाहीत, कोमट आहेत. मग कोमटाला नियम काय लागतो यावर रांगेचे दोन तट पडले. सात माणसं माझ्या खेकड्याला हात लावून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, ठेवावं सगळं इथेच आणि पळावं. वेंडलला सांगावं की मिळाले नाहीत, तो म्हणेल, राहू दे. आणि तो खरंच राहू देईल, हेच मला सहन होईना. मी नुसती खोकले.

आणि शेजारच्या रांगेतून आवाज आला, “मोझेल टॅकेट, तो चष्मा काढ. बारा वर्षं तू माझे स्टॅम्प मोजलेस. तुझा खोकला मी कुठेही ओळखीन.”

ओलेटा फ्रेली. केस पांढरे झालेत, पण उंची तशीच, ताठ. तिने माझ्या कोपराला धरलं, दुसऱ्या हाताने खेकड्याची पिशवी उचलली, मॅनेजरला म्हणाली, “वीस मिनिटांत येतो, नवी चिठ्ठी लावून ठेवा,” आणि मला दुकानाच्या पार टोकाला दुधाच्या कपाटांकडे घेऊन गेली. खालच्या फळीवर, दुधाच्या कॅनच्या मागे सगळ्यात जास्त गारवा असतो म्हणे. तिला ते सगळं पाठ होतं. तिने दार उघडून धरलं आणि मी वाकून पिशवी आत धरून उभी राहिले. लोक यायचे, माझ्या काखेखालून दूध काढायचे आणि जायचे.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, ओलेटा, ते तेव्हाचं पाकीट. ती म्हणाली, “आईसाठी होतं. तिला दात राहिले नव्हते, आणि शेवटी शेवटी समुद्रातलं काहीतरी खायचं म्हणून बसली होती. मऊ तेवढंच मिळालं. दोन दिवस पुरवून खाल्लंन.” तिने हे असं सांगितलं जसं आपण पावसाचं सांगतो. ताई, मी तिथे दुधाच्या कपाटात तोंड घालून रडले. (ऑपरेशननंतर सहा आठवडे रडू नका असं काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पण मला चष्मा काढावा लागला.) मी म्हटलं, ओलेटा, मी फार वाईट वागले, मला माफ कर. ती म्हणाली, “पिशवी उलटी धर. खालची बाजू अजून गरम आहे.”

तिने माफ केलं की नाही ते मला कळलं नाही. विचारायचं धैर्य झालं नाही. पण वीस मिनिटं ती दार धरून उभी राहिली आणि मग माझ्याबरोबर गल्ल्यापर्यंत आली. नांगरवाल्याने गार खेकड्याची चिठ्ठी लावली, केलीनने कार्ड ओढलं, यंत्राने मुकाट्याने घेतलं. टोपीवाला तोवर पैसे देऊन दाराशी घुटमळत होता. मी जवळून जाताना खालच्या आवाजात म्हणाला, “कसे लागतात हो ते? मी कधी खाल्ले नाहीत.” मी सांगितलं, मीही सेहेचाळीस वर्षांपूर्वी खाल्लेत, पण तेव्हा फार गोड लागले होते.

आता आपल्या कालच्या फोनबद्दल. तू म्हणालीस, “मोझे, ऐकलंस का? हार्लोला एक बाई, फर कोट, काळा चष्मा, स्टॅम्पवर खेकडे! आणि वर निर्लज्जपणे दुधाच्या कपाटात गार करत बसली होती, एक लंबूटांग बाई दार धरून!” तुला हे पार्लरवाल्या नेडाने सांगितलं म्हणालीस. ती बाई कोण ते शोधून काढीन आणि रविवारी चर्चच्या जेवणात सगळ्यांसमोर नाव घेईन, असंही म्हणालीस. मी ‘अगंबाई’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार? वेंडल शेजारी बसला होता.

रात्रभर विचार केला. शनिवारी खेकडा टेबलावर ठेवला तर तुला पहिल्या घासाला कळणार. नाही ठेवला तर वेंडल बीन्स खाईल आणि मला म्हणेल की छान झालेत. एकदा वाटलं, त्याला न्हाणीघरात टबात बसवून गुपचूप खाऊ घालावं आणि तुला सांगावं की पाठ शेकतोय. पण सेहेचाळीस वर्षं वाट पाहिलेला माणूस, त्याने काय दार लावून खायचं? नाही. खेकडा टेबलाच्या मधोमध ठेवणार, आईच्या निळ्या परातीत. तुला रविवारी नाव घ्यायचं असेल तर खुशाल घे. स्पेलिंग तुला ठाऊक आहेच.

गुडघ्याला जप. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत पत्र तुझ्या हातात पडेल.

तुझी धाकटी,
मोझेल

ता. क. : आईचं ते मोठं लोणच्याच्या बरण्या उकळायचं पातेलं तुझ्याकडे आहे. शनिवारी घेऊन ये. खेकडा परत गरम करायचाय. आता गरम केला तर सरकारला चालतो.

ता. क. २ : जेवायला चौथी ओलेटा आहे. मी काल तिला फोन केला. ती म्हणाली, बघते. मग म्हणाली, किती वाजता?

ता. क. ३ : नेडा दोन आठवड्यांपासून लेकीच्या बाळंतपणाला टेनेसीत आहे. पार्लरला कुलूप आहे. तुला तिने सांगितलं कसं, हे कोडं मला पडायला हवं होतं, पण नाही पडलं. मी चष्मा काढला होता ना, रडताना. आणि लांबचं मला आता लख्ख दिसतं. दुधाच्या कपाटापासून सीरियलची गल्ली सरळ रेषेत आहे. तिथे एक बाई वीस मिनिटं ओट्सचा डबा तोंडासमोर धरून वाचत होती. डबा उलटा होता. बाहेर तिची गाडी दोन जागा अडवून लावलेली होती, मागच्या डाव्या दिव्याला लाल पट्टी चिकटवलेली. ती पट्टी वेंडलने चिकटवून दिलीय.

मला राग नाही आला गं. घरी येईपर्यंत वाटेत मी सारखा एकच विचार करत होते. फॉस्टरभाऊजी गेल्यापासून तू कशी भागवतेस हे मी तुला एकदा तरी विचारलं का? आपण सख्ख्या बहिणी, एकाच रस्त्याने दोन गाड्यांतून चाळीस मैल जातो, एकमेकींपासून लपायला! पुढच्या महिन्यात असं नको. एकाच गाडीतून जाऊ, आणि हार्लोला नाही, आपल्या गावातच. गेलाच्या गल्ल्यावर. मी पुढे उभी राहीन, मला तिची मान कशी वर होते ते माहीत आहे, मीच शिकवलीय. तू फक्त माझ्या मागे उभी राहा. आइस्क्रीम वर ठेवू.

ता. क. ४ : शनिवारी कोशिंबीर मात्र आणू नकोस. आणि आता खरं सांग, तुझ्याकडे किती कोबी साठलेत?